पॉइंट्स न मोजता फौजा तुल्यबळ कशा कराव्यात

मिनिएचर, म्हणजे सैनिकांच्या रंगवलेल्या छोट्या प्रतिकृती, टेबलावर मांडून आणि फासे टाकून खेळायच्या युद्धखेळाबद्दल हे लिहितो आहे. पॉइंट्सशिवाय खेळलेला माझा पहिला डाव दुसऱ्याच फेरीत आटोपला. समोर बसलेला मित्र अगदी नवखा होता. रात्री जागून रंगवलेले वीस भालाईत आणि दहा तिरंदाज त्याने आणले होते. मी ड्रॅगन मांडला, कारण तो माझा लाडका होता. ‘ज्याच्याकडे जे असेल ते मांडू’ एवढंच आमचं ठरलं होतं. ड्रॅगन उडत जाऊन तिरंदाजांवर कोसळला. पुढच्या फेरीत तो भालाइतांच्या बगलेत घुसला, आणि मित्राच्या हातात फासे येईपर्यंत त्याची निम्मी फौज टेबलाबाहेर गेली होती. तो काही बोलला नाही, फक्त एकेक मिनिएचर उचलून डब्यात ठेवायला लागला. त्यानंतर मी या विषयाचा मनापासून विचार करायला लागलो. नव्या माणसावर अशी वेळ येऊ नये, म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

पॉइंट्स म्हणजे प्रत्येक मिनिएचरची किंमत. दोघांनी सारखीच रक्कम खर्च करून फौज उभी करायची. पद्धत सोयीची आहे, पण त्या किमतीला टेबलावरचं काही दिसत नाही. घोडेस्वाराची किंमत मोकळ्या माळावर जेवढी, तेवढीच दलदलीत. ड्रॅगनला मारणारा बल्लम समोरच्याकडे असो वा नसो, ड्रॅगनची किंमत तेवढीच. म्हणजे पॉइंट्स हाही एक अंदाजच, फक्त दुसऱ्या कुणीतरी आधी करून ठेवलेला. पॉइंट्स नसतील तर तो अंदाज आपण करायचा, समोरचं टेबल आणि समोरचा माणूस बघून.

गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने २०१५ साली ‘एज ऑफ सिग्मार’ हा युद्धखेळ बाजारात आणला, तेव्हा त्याचे मूळ नियम चार पानांचे होते आणि त्यात पॉइंट्स नव्हतेच. ज्याला जेवढं मांडायचं असेल तेवढं त्याने मांडावं. तोल सांभाळायला एक तरतूद होती. एका बाजूची मिनिएचर दुसरीपेक्षा एक तृतीयांशाने जास्त असतील, तर कमी असलेल्या बाजूला जिंकण्याची एक खास अट निवडता यायची. उदाहरणार्थ, सहाव्या फेरीअखेर आपल्या मूळ फौजेतला एक जरी टिकला तरी डाव आपला. गोम अशी, की मोजली जात होती ती डोकी. पाच ड्रॅगनसमोर चाळीस गॉब्लिन, म्हणजे कल्पित कथांतले चिमुकले दुष्ट जीव, उभे राहिले, तर सवलत ड्रॅगनवाल्याला! पुढच्याच वर्षी, २०१६ मध्ये, त्या खेळात पॉइंट्स आले. मला यातल्या दोन गोष्टी उपयोगी वाटतात. एक, डोकी मोजून तोल साधत नाही. दुसरी, कमजोर बाजूला जिंकण्याची वेगळी अट द्यायची ही कल्पना मात्र फार मोलाची आहे. तिच्याकडे पुढे येतोच.

पहिली पायरी : मांडण्याआधी बोलून घ्या

फासे बाहेर काढण्याआधी दहा मिनिटं बोला. वेळ किती आहे, कोण किती डाव खेळलेला आहे, लढाई कशाची आहे. आणि एक प्रश्न स्पष्टच विचारा : तुझ्याकडचं सगळ्यात जबरदस्त काय आहे? त्याच्या उत्तरावरून आपण काय आणायचं ते ठरतं. समोर राक्षस असेल तर आपल्याकडे राक्षस तरी हवा, नाहीतर राक्षस पाडणारं काहीतरी हवं. तसं काहीच नसेल तर त्याने राक्षस घरी ठेवावा. असं सांगायला संकोच करू नका. राक्षस घरी ठेवायला तयार झालेला मित्र हा या छंदातला उत्तम मित्र.

दोघांनीही आपापली सगळी मिनिएचर टेबलाच्या कडेला उघडी मांडावीत. जादूच्या तलवारी, शाप, ऐनवेळी बोलावता येणारी भुतं, सगळं आधीच सांगावं. अनुभवी खेळाडूंना लपवाछपवीत मजा येते, ते ठीक आहे. नवख्यासोबत खेळताना मात्र गुपित नको.

दुसरी पायरी : कामं वाटून बघा

आता प्रत्येक पथक, म्हणजे युनिट, कोणत्या कामाचं आहे ते बघा. ढोबळमानाने पाच कामं असतात : जागा धरून बसणं, तुटून पडणं, लांबून मारणं, वेगाने बगलेला जाणं, आणि सरदारकी किंवा जादू. दोन्ही फौजांत ही पाचही कामं करणारं कुणीतरी आहे ना? एका बाजूला तिरंदाजांची चार पथकं आणि दुसरीकडे एकही घोडेस्वार नाही, असं असेल तर पुढचं गणित कितीही जुळलं तरी डाव एकतर्फी होईल. नवख्यांसाठी मी हे सुचवतो : प्रत्येकी एक सरदार, पायदळाची तीन पथकं, एक वेगवान पथक आणि एक ‘मोठी गोष्ट’, मग ती राक्षस असो, तोफ असो किंवा मांत्रिक. एवढ्यानेच अर्धं काम झालेलं असतं.

तिसरी पायरी : कोण किती सोसतं, कोण किती मारतं

इथे थोडा हिशेब आहे, पण तो कागदाच्या चिठोऱ्यावर मावतो.

आधी टिकाऊपणा बघू. पथकातली मिनिएचर गुणिले प्रत्येकाचे घाव, म्हणजे किती घाव बसल्यावर तो मरतो, हा झाला कच्चा आकडा. सेव्ह म्हणजे बसणारा घाव फासा टाकून वाचवणं. कच्च्या आकड्याला ‘सेव्ह चुकण्याच्या शक्यते’ने भागायचं. समजा चाळीस गॉब्लिन आहेत, प्रत्येकी एक घाव, आणि सेव्ह फक्त सहा पडला तरच मिळतो. सहापैकी पाच वेळा सेव्ह चुकतो, म्हणून ४० भागिले ५/६, म्हणजे ४८. आता दहा चिलखती घोडेस्वार घ्या, प्रत्येकी दोन घाव, सेव्ह तीन किंवा जास्तवर. इथे सेव्ह सहापैकी दोनच वेळा चुकतो, म्हणून २० भागिले १/३, म्हणजे ६०. टेबलावर गॉब्लिनांचा समुद्र दिसतो आणि घोडेस्वार मूठभर वाटतात, पण त्यांना संपवायला जास्त मार लागतो. डोळे फसवतात ते असे.

मग मारा बघू. हल्ले गुणिले लागण्याची शक्यता, गुणिले घाव होण्याची शक्यता, गुणिले समोरच्याचा सेव्ह चुकण्याची शक्यता.

एक लढत पूर्ण करून बघू, कारण हीच लढत नवख्यांच्या टेबलावर पुन्हा पुन्हा येते : भालाईत विरुद्ध राक्षस. राक्षसाचे घाव बारा, सेव्ह चार किंवा जास्तवर. तो फेरीला सहा हल्ले करतो, तीन किंवा जास्तवर लागतात, दोन किंवा जास्तवर घाव होतो. भालाइतांना प्रत्येकी एक घाव, एक हल्ला, चार किंवा जास्तवर लागतो, चार किंवा जास्तवर घाव होतो, सेव्ह पाच किंवा जास्तवर. राक्षसापर्यंत एका वेळी दहा जणांचेच भाले पोचतात असं धरू.

राक्षसाचा मारा : ६ × २/३ × ५/६ × २/३, म्हणजे फेरीला साधारण सव्वादोन भालाईत. भालाइतांचा मारा : १० × १/२ × १/२ × १/२, म्हणजे फेरीला सव्वा घाव. वीस भालाईत असतील तर ते नऊ फेऱ्या टिकतात. त्यातल्या पहिल्या साडेचार फेऱ्यांत दहाच्या दहा भाले चालतात, पुढे संख्या घटते तसा मारही घटतो. सगळा मिळून राक्षसाला साडेआठच्या आसपास घाव होतात. राक्षस जिवंत उरतो. तीस भालाईत ठेवले तर मार चौदापर्यंत जातो आणि राक्षस पडतो. पंचवीसला दोघं जवळपास बरोबरीत येतात. म्हणजे या राक्षसाची ‘किंमत’ पंचवीस भालाईत. आपणच पॉइंट्स काढले की! फक्त ते या दोघांपुरते आहेत.

मात्र हा सरासरीचा हिशेब आहे. प्रत्यक्षात एखाद्या फेरीत राक्षसाचे सहाही हल्ले वाया जातात, तर एखाद्या फेरीत सहाच्या सहा बसतात. शिवाय पंचवीस माणसांना दोन तुकड्या करून दोन जागा धरता येतात, राक्षसाला एकच. आकडे उंबऱ्यापर्यंत नेऊन सोडतात, पुढे डोळस अंदाजच लागतो.

चौथी पायरी : तिरंदाजांचा हिशेब वेगळा

हाणामारीत पुढच्या रांगेतले थोडेच लढतात. बाण मात्र सगळेच सोडतात, आणि एकाच पथकावर सोडू शकतात. पहिल्या महायुद्धाच्या काळात फ्रेडरिक लँचेस्टर या ब्रिटिश अभियंत्याने हा फरक गणितात मांडला. एकास एक भिडण्यात बळ संख्येच्या प्रमाणात वाढतं. लांबून, सगळ्यांनी सगळ्यांवर मारा करण्यात ते संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं.

वीस तिरंदाजांसमोर तसेच सोळा तिरंदाज उभे करा. अरुंद खिंडीत एकेकटे भिडले असते, तर सोळा गेल्यावर चार उरले असते. बाणांच्या लढाईत २० चा वर्ग ४००, १६ चा वर्ग २५६, फरक १४४, त्याचं वर्गमूळ १२. बारा उरतात! चारच जास्त होते, आणि शेवटी निम्म्याहून अधिक शाबूत राहिले. त्यामुळे पायदळात दोनचार कमीजास्त असतील तर चालवून घ्या, तिरंदाजांत मात्र हात आखडता ठेवा. नवखे खेळत असतील तर दोन्हीकडे तिरंदाज अगदी सारखे ठेवावेत, असं माझं ठाम मत आहे.

पाचवी पायरी : गणितात न बसणाऱ्या गोष्टी

उडणं, टेलिपोर्ट (इथून गायब होऊन तिथे उगवणं), पथक पुन्हा जिवंत करणं, नवं पथक बोलावणं, समोरच्याला घाबरवून पळवणं. यांचं मोल आकड्यात येत नाही. प्रत्येकासाठी एक सोपी लगाम ठरवा. नवी पथकं बोलावणाऱ्या मांत्रिकाने ती आपल्याच राखीव मिनिएचरमधून आणावीत, आणि ती राखीव मिनिएचर मूळ हिशेबात धरावीत. उडणाऱ्याने पहिल्या फेरीत शत्रूला भिडू नये. माझ्या ड्रॅगनला एवढा एकच नियम असता, तर त्या दिवशी तिरंदाजांना निदान एकदा तरी बाण सोडता आले असते.

सहावी पायरी : एकाने वाटे करायचे, दुसऱ्याने उचलायचे

हिशेब नकोच असेल, किंवा करूनही शंका उरली असेल, तर जुना वाटणीचा मार्ग धरा. दोघांची मिनिएचर एकत्र करा. एकाने दोन फौजा पाडायच्या, दुसऱ्याने त्यांतली हवी ती घ्यायची. पाडणाऱ्याला माहीत असतं, की कमजोर वाटा आपल्याच गळ्यात पडणार, म्हणून तो इमानदारीने वाटे करतो. एक अडचण येते : आपण जीव लावून रंगवलेली फौज दुसऱ्याच्या हाती देणं काहींना रुचत नाही. ते समजण्यासारखं आहे. आग्रह करू नका.

दुसरा मार्ग उलट्या लिलावाचा. लढाई ठरलेली आहे, दोन्ही बाजूंच्या फौजा ठरलेल्या आहेत, आणि दोघांनाही ऑर्कांचीच, म्हणजे कल्पित कथांतल्या रानटी लढवय्यांचीच, बाजू हवी आहे, कारण ती दांडगी वाटते. मग बोली लावा. “मी ऑर्क घेतो, एक पथक कमी करून.” “मी दोन कमी करून.” जो जास्त पथकं सोडायला तयार होईल त्याला ऑर्क. जिथे बोली थांबते तिथे तोल आलेला असतो, आणि तो दोघांच्या तोंडूनच आलेला असल्याने हरलेल्याला कुरकुर करायला जागा उरत नाही.

सातवी पायरी : जिंकणं कशाला म्हणायचं ते ठरवा

मला विचाराल तर खरा तोल इथे साधतो. फौजा असमान असल्या तरी चालतं, जिंकायची संधी दोघांना सारखी हवी. १८२४ साली राइसविट्झ या तरुण अधिकाऱ्याने प्रशियाच्या सैन्याला ‘क्रीगश्पील’ हा नकाशावरचा युद्धखेळ दाखवला, तेव्हा त्यात पंच असायचा, प्रत्येक बाजूला कामगिरी नेमून दिलेली असायची, आणि ती कितपत पार पडली यावर चर्चा व्हायची. दोन्ही बाजूंना मोजून सारखी माणसं देणं हा त्याचा हेतूच नव्हता.

आमच्याकडे वारंवार मांडला जाणारा प्रसंग सांगतो. टेबलाच्या मधोमध नदी, तिच्यावर एकच पूल. अलीकडे पंधरा बुटके आणि त्यांचा सरदार. पलीकडे चाळीस ऑर्क आणि एक ट्रोल, म्हणजे धिप्पाड राक्षस. समोरासमोर माळावर हे बुटके तिसऱ्या फेरीपर्यंत संपले असते. पण पुलावर एका वेळी चारच ऑर्क शिरू शकतात, आणि अट अशी : सहाव्या फेरीअखेर पुलावर एक जरी बुटका उभा असेल तर बुटके जिंकले. पहिल्यांदा खेळलो तेव्हा चौथ्या फेरीत ट्रोलने पूल मोकळा केला. आम्ही ट्रोल काढला नाही. त्याला पुलावर यायला तिसरी फेरी उजाडू दिली आणि बुटक्यांना एकदाच वापरता येईल असा तेलाचा बुधला दिला. पुढचा डाव शेवटच्या फाशापर्यंत गेला. पुलावर सरदार एकटा उरला होता, एक घाव शिल्लक, आणि ट्रोलचे दोन हल्ले बाकी. पहिला चुकला. दुसरा लागला, घाव झाला, आणि सेव्हला पाच पडले. बुटके जिंकले. ऑर्क खेळणारा मित्र उठून उभा राहिला होता, हरल्यावरही हसत होता.

अशा प्रसंगात तोल साधायला बऱ्याच किल्ल्या हाती येतात : फेऱ्यांची संख्या, पुलाची रुंदी, कुमक कितव्या फेरीत आणि कुठल्या कडेने येणार, कुणी कुठे पोचायचं. मिनिएचर कमीजास्त करण्यापेक्षा या किल्ल्या फिरवणं सोपं. रंगवलेलं पथक डब्यात ठेवावं लागत नाही, हे त्यातलं मोठं सुख.

प्रसंग सुचत नसेल तर हे वापरून बघा : गाडा टेबलाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला न्यायचा, सरदाराला शत्रूच्या वेढ्यातून बाहेर काढायचं, किंवा तीन टेकड्यांपैकी शेवटी ज्याच्याकडे दोन तो जिंकला.

आठवी पायरी : जमीन आणि पहिली पाळी

सहा फूट बाय चार फुटांचं टेबल, दोन्ही फौजा आपापल्या लांब कडेपासून बारा इंचांत. मध्ये चोवीस इंच उरतात. फेरीला सहा इंच चालणारं पायदळ दोन फेऱ्या चालून तिसऱ्या फेरीत धावून भिडतं. तोवर चोवीस इंच पल्ल्याचे तिरंदाज दोनतीन वेळा बाण सोडतात. मध्ये एक रान आणि एक पडका वाडा ठेवा, की तोच मारा एका वेळेवर येतो. म्हणजे टेरेन (टेबलावरची रानं, वाडे, टेकड्या) ही शोभा नाही, ती फौजेचाच भाग आहे. टेबलाचा साधारण चौथा हिस्सा टेरेनने भरा. टेरेन एकाने मांडावं आणि कुठल्या कडेला बसायचं ते दुसऱ्याने ठरवावं, इथेही वाटणीचाच न्याय.

पहिली पाळी ज्याची त्याचा मारा आधी बसतो, म्हणून ती कमजोर वाटणाऱ्या बाजूला द्या. त्याहून चांगलं, नियमांत बसत असेल तर एक पथक तुझं, एक माझं असं आलटून पालटून हलवा.

नववी पायरी : डाव मध्येच कलला तर

यावर तोड आधीच ठरवून ठेवा. आमचा नियम : दुसऱ्या फेरीअखेर ज्याची एक तृतीयांश पथकं गेली असतील आणि समोरच्याचं एकही गेलं नसेल, त्याला बाजूला ठेवलेलं एक राखीव पथक आपल्या कडेने आणता येतं. ऐनवेळी दया म्हणून दिलेली मदत घ्यायला नवख्याला अवघड वाटतं. आधी ठरलेली कुमक मात्र तो हक्काने आणतो.

दहावी पायरी : बाजू बदला, वहीत टिपा

नवख्याने नेमकं काय चुकलं हे समजून घ्यायचं असेल, तर तोच प्रसंग बाजू बदलून लगेच पुन्हा खेळावा. बचावाच्या प्रसंगात तर यातून गंमतच होते. दोघांनी एकेकदा पूल राखायचा, ज्याचे बुटके जास्त फेऱ्या टिकले तो जिंकला. इथे फौजा तुल्यबळ आहेत की नाहीत हा प्रश्नच उरत नाही, कारण दोघांच्या वाट्याला तीच अडचण आली.

आणि एक वही ठेवा. प्रत्येक डावानंतर चार ओळी : कोण कोणासमोर होतं, जमीन कशी होती, कितव्या फेरीत डाव फिरला, पुढच्या वेळी काय बदलायचं. बदल एका वेळी एकच करा, नाहीतर कशाने फरक पडला ते कळत नाही. माझ्या वहीत ड्रॅगनच्या नावाचं एक अख्खं पान आहे. सध्याची नोंद अशी : तीस भालाईत, दहा तिरंदाज आणि दोन बल्लम यांच्यासमोर ड्रॅगन एकटा, मधोमध पडका वाडा, पहिल्या फेरीत भिडायचं नाही, सहा फेऱ्या. त्याच मित्रासोबत पाच डाव झाले, तीन त्याने जिंकले. पुढच्या वेळी एक बल्लम कमी करून बघणार आहोत.